दोघांची झोप

परवा रात्री मी कूस बदलली आणि शेजारून आवाज आला, "बरी आहेस ना?" मी हो म्हटलं. अंधारात त्याचा हात माझ्या पाठीवर आला, खांद्याच्या फऱ्यापाशी जरा थांबला, श्वास खालीवर होतोय याची खात्री करून परत गेला. थोड्या वेळाने मी पुन्हा हलले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच हात. सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "काल तुला झोप लागली नाही का रे? सारखा विचारत होतास." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? मी तर गाढ झोपलो होतो." त्याला खरंच काही आठवत नव्हतं. म्हणजे तो झोपेत विचारत होता. झोपेतच हात पुढे करत होता, झोपेतच माझं उत्तर ऐकत होता आणि ते ऐकून झोपेतच निर्धास्त होत होता.

तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. मला झोपेत फिट्स येतात, याला आता इतकी वर्षं झाली की त्याबद्दल बोलताना माझा आवाजही बदलत नाही. गोळ्यांच्या वेळा, तपासण्या, पलंगाच्या कडेला अंथरलेली जाड गादी, टोकदार कोपऱ्यांचं टेबल खोलीतून हद्दपार होणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. पण माझा आजार दुसऱ्या माणसाच्या झोपेत इतका खोलवर जाऊन बसलाय, याची मला कल्पना नव्हती. बिघाड माझ्या मेंदूत आणि पहारा त्याच्या. त्या पहाऱ्याला सुट्टी नाही, त्याची त्याला शुद्धही नाही. मला आधी भरून आलं, मग अपराधी वाटलं, मग थोडा रागही आला. कुणावर, ते अजून नीट सांगता येत नाही.

झोपेतल्या फिटचं एक विचित्र आहे. ती ज्याला येते, त्याला ती भेटतच नाही. जागेपणी फिट येणाऱ्या काही जणांना आधी चाहूल लागते, पोटातून काहीतरी वर चढतं, एखादा वास येतो, ओळखीची जागा अनोळखी वाटते. मी झोपते आणि उठते. मधलं कुणीतरी मला सांगतं. सांगणारं कुणी नसेल तर शरीर सांगतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी जीभ दातांवरून फिरवते. टोक नाही, कड. दाढांच्या रेषेत चावा बसला असेल तर तिथे सालपट निघाल्याचं जाणवतं, लोखंडी चव लागते. मग खांदे हलवून बघते, मग दंड, मग पोटऱ्या. फिट मोठी असेल तर स्नायू असे दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उशीच्या अभ्र्यावर लाळेचा गुलाबीसर डाग आहे का, चादर ओली आहे का, कपाळामागे तो ठरावीक ठणका आहे का. एकदा उजव्या हातातून कंगवा गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. दुपारपर्यंत हात ताळ्यावर आला, पण तोवर माझ्या डोक्यात अर्धांगवायूपासून सगळं येऊन गेलं होतं. फिटनंतर शरीराचा एखादा भाग काही वेळ असा लुळा पडू शकतो आणि आपोआप पूर्ववत होतो. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांनी १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. हे मला नंतर कळलं.

ही सगळी तपासणी झाल्याशिवाय माझी सकाळ होत नाही.

सुरुवातीला तर हे फिट्स आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. कॉलेजच्या वसतिगृहात होते. खोलीतली मैत्रीण सांगायची, "तू रात्री ताडकन उठून बसतेस, पलंगाचा दांडा घट्ट धरतेस, पाय झाडतेस, घशातून कसलातरी आवाज काढतेस. मी हाक मारते तर माझ्याकडे बघतेस, पण ओळखत नाहीस." सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला, वाईट स्वप्नं. परीक्षा जवळ आल्या होत्या, त्यामुळे टेन्शन हे कारण आयतंच होतं. मला स्वप्नं आठवत नव्हती, पण स्वप्नं विसरली जातातच. पुढे एकदा झटके सगळ्या अंगात पसरले, ती घाबरून वॉर्डनला घेऊन आली आणि मी पहिल्यांदा न्यूरॉलॉजिस्टसमोर बसले. मैत्रीण बरोबर होती. डॉक्टर प्रश्न मला विचारत होते आणि उत्तरं ती देत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आणि दर वेळी अगदी तेच करते. आधी बसते, मग उजव्या हाताने दांडा धरते, मग पाय." डॉक्टरांनी मान वर केली आणि ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या एका वाक्यात निदान होतं. झोपेत दचकून किंचाळण्याचे प्रकार असतात, लहान मुलांमध्ये तर बरेच. ते बहुधा रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येतात, काही मिनिटं चालतात आणि दर वेळी वेगळे दिसू शकतात. मेंदूच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या फिट्स आखूड असतात, बऱ्याचदा दोन मिनिटांच्याही आतल्या. त्या एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, एका रात्रीत अनेकदा येऊ शकतात आणि दर वेळी त्यांचा क्रम तोच असतो. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुगारेझी आणि चिरिन्योता या डॉक्टरांनी १९८१ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं, तेव्हा ही फिट आहे की वेगळंच काही, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच घातला होता. कारण डोक्याला तारा लावून आलेख काढला तरी त्यात बऱ्याचदा काही सापडायचं नाही. उगम मेंदूच्या आतल्या घड्यांमध्ये, कवटीवरच्या तारांपासून लांब. ही फिटच आहे हे सिद्ध व्हायला पुढे बरीच वर्षं गेली आणि २०१४ मध्ये त्याच शहरात जमून तज्ज्ञांनी या प्रकाराचं आजचं नाव ठरवलं, झोपेशी निगडित हायपरमोटर एपिलेप्सी, म्हणजे झोपेत जोरजोरात हालचाली घडवणारा फिट्सचा आजार. जगातले नामांकित डॉक्टर जिथे इतकी वर्षं अडखळले, तिथे वसतिगृहातल्या मुलींना ती स्वप्नं वाटली यात नवल नाही. पण त्या मैत्रिणीने अर्धवट झोपेत, घाबरलेल्या अवस्थेत जे नेमकं पाहिलं आणि लक्षात ठेवलं, त्याचं मोल मला आज जास्त कळतं. माझ्या आजाराची पहिली जागी राहणारी व्यक्ती ती.

तपासणीसाठी मला रात्रभर जागं राहायला सांगितलं होतं. झोप तोडली की मेंदूतला बिघाड आलेखात पकडला जाण्याची शक्यता वाढते. माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरींची पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच पद्धतीची ती तपासणी, ईईजी. केसांमध्ये भांग पाडून, टाळू खरवडून, गारढोण चिकट पेस्ट लावून एकेक तार बसवत जाणारी तंत्रज्ञ बाई. डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा. जोरजोरात श्वास घ्यायची सूचना. आणि मग, "आता झोपा." अनोळखी माणसासमोर, डोक्याला तारा लावून, कधी एकदा बिघाड दिसतो याची वाट बघत झोपायचं. पेस्ट निघायला दोन-तीनदा केस धुवावे लागले. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, हे झोपेतच का? डॉक्टरांनी कागद उलटा करून लाटा काढून दाखवल्या. जागेपणी पेशी आपापल्या कामात, त्यामुळे लाटा बारीक आणि विस्कळीत. झोप लागली की पेशी एका ठेक्यात येतात, लाटा मोठ्या आणि संथ होतात. त्या सामूहिक ठेक्यात चुकीचा विद्युतप्रवाह पटकन पसरतो. स्वप्नांच्या झोपेत हा ठेका पुन्हा मोडतो, म्हणून त्या अवस्थेत फिट क्वचितच येते. ज्याला सगळे वाईट स्वप्न म्हणत होते, ते मुळात स्वप्नांच्या त्या झोपेबाहेर घडत होतं. स्वप्नात मी सगळ्यात सुरक्षित असते, हे कळल्यावर मला फार आधार वाटला होता. अजूनही वाटतो. लांबलचक, विचित्र स्वप्न आठवत जाग आली की मी खूश असते.

हा प्रश्न जुना आहे. बऱ्याच जणांची अपस्माराची सुरुवात झोपेत होते आणि पुढेही झटके झोपेतच येत राहतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८८५ मध्ये शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २१ टक्के लोकांना फक्त रात्री फिट्स येत होत्या. हे आकडे वाचताना मला त्यांच्या शेजारी झोपणारे लोक दिसायला लागतात. त्यांची नोंद कुठे नाही.

आता टेन्शनबद्दल. फिट आल्याचं कळलं की प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, "काल काही झालं होतं का? कसलं टेन्शन घेतलं होतंस?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात मला शंका नाही. पण मग आदल्या दिवसाची झडती सुरू होते. ऑफिसातलं बोलणं, आईशी झालेला वाद, उशिरा आलेला ईमेल. काही ना काही सापडतंच, कारण कुठल्याही दिवसात काही ना काही असतंच. सापडलं की सगळ्यांचं समाधान होतं आणि फिट माझ्या स्वभावाच्या खाती जमा होते. शेवटी ते वाक्य येतं, "तू टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे काही होणार नाही." या वाक्यासारखा ताण मला दुसऱ्या कशानेच आलेला नाही. रात्री दिवा मालवल्यावर मी स्वतःला शांत राहायचा हुकूम करायचे आणि छातीतली धडधड मोजत पडून राहायचे. आज शांत राहिले नाही तर उद्या जीभ चावलेली असेल, या विचाराने कुणाला शांत झोप लागेल?

तरी ताणाचा काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. फिट कशामुळे येते असं रुग्णांना विचारलं की ताण हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येतं, असं सर्वेक्षणांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय. माझाही अनुभव तसाच आहे. पण मी बारकाईने पाहत गेले, तेव्हा मधल्या पायऱ्या दिसल्या. काळजीचं काम हातात असतं त्या आठवड्यात मी उशिरा झोपते. उशिरा झोपले की रात्रीची गोळी तासभर मागे सरकते. पहाटे चारला जाग येते आणि डोळा लागतो तो उठायच्या वेळेच्या जरा आधी. अशा तीन-चार रात्री साठल्या की फिट येते. ताण तिथे असतो, पण त्याचा हात झोपेवरून आणि गोळीवरून फिरत येतो. आणि मन शांत कर हे कुणाच्या हातात नसतं. साडेदहाला दिवा मालव, हे असतं. मला हे उमगल्यावर एक मोठं ओझं उतरलं. मी चिडू शकते, रडू शकते, ऑफिसात वाद घालू शकते. फक्त साडेदहा पाळायचे.

साडेदहा पाळणं सोपं नाही. रात्री रंगणाऱ्या गप्पा ऐन भरात असताना मी उठते. रात्रपाळीला मी नाही म्हटलं, डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यानंतर एक चांगलं काम माझ्याकडे यायचं ते दुसऱ्याकडे गेलं. पहाटेचं विमान असेल तर मी आदल्या दिवशीच पोहोचते. गोळ्यांच्या डबीला आठवड्याच्या वारांची झाकणं आहेत, ती उघडताना टक असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याची खात्री नसली तर मी उठून डबी बघून येते. गोळीबद्दल आणखी एक सांगायला हवं. मी जी घेते, लेव्हेटिरासिटॅम, तिने काही जणांची चिडचिड वाढते. सुरुवातीच्या काही महिन्यांत मी भांड्यांच्या आवाजाने संतापायचे, कारण नसताना डोळे भरून यायचे आणि तेव्हाही मला ताण कमी करायचा सल्ला मिळत होता. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मात्रा बदलली आणि मी पुन्हा मला ओळखीची झाले. म्हणून नव्याने औषध सुरू झालेल्या प्रत्येकाला मी सांगते, स्वभाव बदलल्यासारखा वाटला तर तो स्वतःच्या माथी मारून घेऊ नका, आणि गोळी परस्पर बंदही करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. औषधांना पुरेशी दाद न देणाऱ्या फिट्सच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला शरीरातले स्नायू क्रमाने आवळून सैल सोडायचा व्यायाम शिकवला, दुसऱ्याला लक्ष एका ठिकाणी ठेवायच्या साध्या कृती दिल्या. दोघांनाही रोज डायरी लिहायची होती. पहिल्या गटात फिट्स २९ टक्क्यांनी घटल्या, दुसऱ्यात २५ टक्क्यांनी. फरक नगण्य. ताण मात्र पहिल्या गटाला अधिक हलका झाल्यासारखा वाटला. याचा अर्थ तज्ज्ञ त्यांच्या परीने लावतील. मला त्यात रोज ठरावीक वेळी शांत बसून स्वतःची नोंद घेणारी माणसं दिसतात. मीही तो व्यायाम करते. पायाच्या बोटांपासून सुरू करायचं, आवळायचं, सोडायचं, पोटरी, मांडी, पोट, मूठ, खांदे, जबडा. जबडा सगळ्यात शेवटी, कारण रात्री सगळ्यात जास्त झीज त्याची होते. फिट थांबेल म्हणून मी हे करत नाही. ज्या स्नायूंवर रात्री माझा ताबा नसतो, त्यांच्याशी दिवसातून एकदा माझी गाठ पडते.

डायरी आमच्याकडेही आहे. एडवर्ड लियर हा इंग्रज कवी आणि चित्रकार, त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या. त्याने जन्मभर हे जवळपास सगळ्यांपासून लपवलं, पण रोजनिशीत फिटच्या दिवशी तो फुली काढून शेजारी आकडा लिहायचा. १८८८ मध्ये तो गेला. त्या फुल्या राहिल्या. आमची डायरी उघडी असते, पलंगाशेजारच्या खणात, पेन अडकवलेली. परवाच्या त्या झोपेतल्या प्रश्नानंतर मी ती पहिल्यांदाच सलग वाचली. "२.४०. आधी उजवा हात. दीड मिनिट. कुशीवर वळवलं. नंतर 'आई' असं म्हणाली." "४.१५. छोटी. ४० सेकंद. ओळखलं नाही, मग ओळखलं." "१२.०५. मोठी. ओठ निळसर. तीन मिनिटं. घोरायला लागल्यावर बरं वाटलं." पानामागून पान, सगळं नवऱ्याच्या अक्षरात. घाईची अक्षरं वाकडी, काही ठिकाणी मोबाइलच्या उजेडात लिहिल्यासारखी ओळीवर ओळ चढलेली. माझ्या आजाराचं चरित्र आणि त्यात माझ्या हातचा एक शब्द नाही. मग लक्षात आलं, त्यात त्याच्याबद्दलही एक शब्द नाही. दोन चाळीसला मला कुशीवर वळवून, तोंड पुसून, वेळ लिहून झाल्यावर तो परत कधी झोपला, झोपला का, दुसऱ्या दिवशी कामावर कसा गेला, यासाठी रकानाच नाही.

मी त्याला सरळ "तू झोप, मला काही होत नाही" म्हणू शकले असते तर प्रश्न मिटला असता. पण ते खोटं झालं असतं. एपिलेप्सीमध्ये अचानक, दुसरं कुठलंही कारण न सापडता मृत्यू येण्याचा धोका असतो. वर्षाला साधारण १,००० प्रौढ रुग्णांमागे एक. सर्वांगाला झटके देणाऱ्या फिट्स वारंवार येत असतील तर तो वाढतो, आणि हे बऱ्याचदा रात्री, माणूस एकटा आणि पालथा झोपलेला असताना घडतं. आमच्या डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हेही सांगितलं की फिट्स आटोक्यात ठेवणं हा सगळ्यात मोठा बचाव आणि रात्री खोलीत कुणी असणं किंवा आवाज ऐकू जाणं याचाही उपयोग होतो. घरी येताना मी आकडा उलटा करून सांगितला, ९९९ जणांना काही होत नाही. तो काही बोलला नाही. त्याच रात्रीपासून तो हात माझ्या पाठीवर यायला लागला.

म्हणजे त्याचं जागणं वेडेपणाचं नाही. ते कामाचं आहे. म्हणूनच ते थांबव म्हणायला जीभ रेटत नाही, आणि ते असंच चालू द्यावं असंही मनाला पटत नाही. जगभरात ५ कोटींच्या आसपास लोकांना हा आजार आहे. त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स योग्य औषधांनी पूर्ण थांबू शकतात. मी उरलेल्यांमध्ये आहे. फिट्स कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. तर मग हे आयुष्यभराचं आहे असं धरूनच मांडणी करायला हवी, आणि आयुष्यभराचा पहारा एका माणसाच्या झोपेवर बेतू नये. ताणाचं नियोजन म्हणून जे काही सांगतात, त्यात मला हे वाक्य कुठे भेटलं नाही. सगळे सल्ले एकट्या माणसाला उद्देशून असतात.

डायरी वाचून झाल्यावर मी त्याच्याशी बोलायला बसले. मनगटावर किंवा गादीखाली बसवायची यंत्रं असतात, लयीतले झटके ओळखून दुसऱ्या खोलीत गजर करणारी. मोठ्या फिट्स ती बऱ्यापैकी पकडतात, छोट्या सुटू शकतात, आणि नुसती जोरात कूस बदलली तरी कधीकधी कोकलतात. माझं म्हणणं, यंत्र आणू, आठवड्यातल्या काही रात्री तू दुसऱ्या खोलीत झोप. काही रात्री माझी बहीण येईल. तो ऐकेना. "यंत्र चुकलं तर?" मी म्हटलं, "तुलाही कधी गाढ झोप लागेल." हे बोलल्यावर दोघंही गप्प झालो. ते वाक्य कठोर होतं आणि खरं होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मला झोपायची भीती वाटते, हे मी तुला कधी सांगितलं नाही." इतकी वर्षं झोपेची भीती फक्त मलाच वाटते, असं धरून आम्ही चाललो होतो.

बहिणीला आम्ही सगळं नीट शिकवलं. घड्याळ बघ. कुशीवर वळव. तोंडात काहीही घालू नकोस, बोटही नाही, चमचाही नाही. हातपाय दाबून धरू नकोस, डोक्याखाली काहीतरी मऊ दे. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आधीच दुसरी सुरू झाली, तर वाट न बघता रुग्णवाहिका. डॉक्टरांनी दिलेला, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम औषधाचा नाकातला फवारा या खणात. तिने वहीत उतरवून घेतलं आणि पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. दुसऱ्या वेळी थोडी झोपली. डायरीत आता तिचंही अक्षर आहे आणि एक नवीन रकाना आहे, जागणाऱ्याच्या झोपेचा. पहिल्या पानावर नवऱ्याने त्यात नुसती रेघ मारली होती. मी त्याला ती खोडून तास लिहायला लावले.

काही दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीला, कॉलेजात आहे ती, झोपेत फिट आल्याचं निदान नुकतंच झालंय. बाई मुलीच्या खोलीतच खुर्ची टाकून बसतात रात्रभर. मुलगी चिडते, भिंतीकडे तोंड करून पडते, दोघींचं दिवसाचं बोलणं जवळपास थांबलंय. "मी किती दिवस अशी जागू?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरच आकडा हवा होता. मी म्हटलं, आकडा मला नाही सांगता येणार, पण एक करा, हे सगळं तिला विचारून ठरवा. खुर्ची हवी की नको, दार उघडं ठेवायचं की बंद, कुणी आत यायचं, सकाळी रात्रीबद्दल तिला किती सांगायचं. तिच्या शरीराची रात्र सगळ्यांना दिसते आणि तिला एकटीलाच दिसत नाही, तेव्हा निदान एवढं तरी तिच्या हातात राहू द्या. बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "ती दार बंदच म्हणेल हो."

"म्हणू दे," मी म्हटलं. "बंद दारातून ऐकू येईल असं यंत्र मिळतं. कडी मात्र लावायची नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. आणि तुम्ही तुमच्या खोलीत आडव्या व्हा."